आधी कान, मग लॅपटॉप

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये सगळ्यात जास्त पत्रं एकाच विषयावर आहेत. सुट्टीतल्या शिबिरांमध्ये आता चित्रकला, नाटक, पोहणं यांच्या जोडीला ‘साउंड आणि डिजिटल म्युझिक’ असं काहीतरी असतं, तर तिथे नक्की काय शिकवतात, शिकवायला काय लागतं आणि शेवटी मुलांच्या पदरात काय पडतं, असं सगळ्यांनी विचारलंय. मी बरीच वर्षं अशा शिबिरांमध्ये ध्वनीचे तास घेते, त्यामुळे ही पत्रं वाचताना मला फार आनंद झाला. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि जिथे उत्तर लांबलं तिथे ते लांबू दिलंय.

माझी मुलगी सातवीत आहे. गाणं शिकलेली नाही, कुठलं वाद्य वाजवता येत नाही, तरी हट्ट धरून बसलीय की म्युझिक प्रोडक्शनच्याच कॅम्पला जायचं. वर्षभर स्क्रीन असतेच, आता सुट्टीतही लॅपटॉप कशाला? आणि काहीच येत नसताना तिला जमेल का? – एक आई

ताई, जमेल, अगदी छान जमेल. मागे एका शिबिरात अशीच एक मुलगी होती, पहिल्याच दिवशी मला येऊन म्हणाली की मला सूर वगैरे काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बघते तर ती जिन्याच्या लोखंडी कठड्यावर पेन्सिल आपटत एकेक गज चढत होती, आणि तिला सापडलं होतं की प्रत्येक गजाचा आवाज वेगळा आहे, सहावा गज तर वाजतच नाही, नुसता ठक्क करतो, कारण तो खाली वेल्डिंगमधून सुटलाय. तिने ते सगळे आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केले, संगणकावर एकामागे एक लावले आणि त्या सुटलेल्या गजाचा ठक्क तिने ठेक्यासाठी वापरला. सूर कळत नाही म्हणणाऱ्या मुलीने हे केलं. तिला कळत होतंच, फक्त ते कळणं म्हणजेच सुरांची जाण, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

हे काही लहान मुलांसाठी काढलेलं सोपं खूळ नाही बरं का. १९४८ साली पॅरिसमध्ये पियेर शेफर या रेडिओवर काम करणाऱ्या माणसाने रेल्वेचे आवाज रेकॉर्ड करून, ते कापून, पुन्हा पुन्हा वाजवून त्यातून संगीतरचना केली होती, आज आपण ज्याला सॅम्पल (रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा तुकडा) आणि लूप (तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणं) म्हणतो त्याची एक मोठी मुळी तिथे आहे. त्यामुळे वाद्य न येणारं मूल इथे मागे पडत नाही. उलट ज्यांना वाद्य येतं ती मुलं पहिले दोन दिवस जरा अडखळतात, कारण त्यांचा हात सारखा ओळखीच्या चालीकडे जातो.

स्क्रीनची तुमची काळजी मात्र रास्त आहे. नाव नोंदवायच्या आधी शिबिरवाल्यांना एकच विचारा, पहिल्या दिवशी काय करणार? उत्तरात लगेच सॉफ्टवेअरचं नाव आलं तर जरा थांबा. माझ्या तासाला पहिला दिवस लॅपटॉप बंद असतो. मुलं डोळे मिटून तीन मिनिटं बसतात आणि मग काय काय ऐकू आलं ते लिहितात. पहिल्यांदा चार-पाच आवाज लिहिले जातात, पंखा, गाडी, कोणीतरी बोलतंय, संपलं. तिसऱ्या दिवशी तीच मुलं तेवढ्याच तीन मिनिटांत बारा-पंधरा आवाज लिहितात, त्यात स्वतःचा श्वास असतो, शेजारच्याच्या बुटाची कुरकुर असते, पंख्याच्या घरघरीतला तो बारीक टिकटिक करणारा दुसरा आवाजही असतो. मरे शेफर नावाच्या कॅनडातल्या संगीतकाराने १९६०च्या दशकात विद्यार्थ्यांकडून असेच ऐकण्याचे व्यायाम करून घेतले होते आणि त्या व्यायामांना तो ‘कान साफ करणं’ असंच म्हणायचा. (हे शेफर वेगळे आणि पॅरिसवाले वेगळे, आडनाव मराठीत सारखं दिसतं एवढंच.) कान असे उघडले की मग सॉफ्टवेअर दोन दिवसांत येतं, ते खरंच अवघड नाही.

रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज एकदम विचित्र येतो, पातळ आणि कोणा दुसऱ्याचाच वाटतो. मित्रांचे आवाज बरोबर येतात. माइक खराब आहे का? – इयत्ता आठवी

माइक एकदम ठीक आहे रे. तू बोलतोस तेव्हा तुझा आवाज तुला दोन वाटांनी ऐकू येतो, एक हवेतून कानात, आणि दुसरा थेट जबड्याच्या नि कवटीच्या हाडांमधून आतल्या आत. हाडांतून खालचे, जाड सूर जास्त चांगले पोचतात, म्हणून तुझा आवाज तुला स्वतःला भरदार वाटतो. माइकला फक्त हवेतला आवाज मिळतो. म्हणजे मित्रांना तू कायम असाच ऐकू येत आलायस आणि त्यांना तो आवाज आवडतो, तुलाच त्याची ओळख नवीन आहे.

एक करून बघ, दोन्ही कान बोटांनी बंद कर आणि ‘ऊं’ असा सूर धर. बाहेरचं सगळं कमी झालं तरी हा सूर उलट मोठा झाल्यासारखा वाटेल, ती हाडांची वाट. आठवडाभर रोज दोन मिनिटं स्वतःचं वाचन रेकॉर्ड करून ऐकलंस तर हा परकेपणा जातो, मी शेकडो मुलांमध्ये हे बघितलंय.

मुलगा कॅम्पवरून आल्यापासून सारखा ४४,१०० आणि १६ बिट असं काहीतरी सांगत असतो. मी कॉमर्सचा माणूस, मला काही कळत नाही आणि त्याच्यासमोर तसं म्हणवत नाही. सोप्या भाषेत सांगाल का? – एक बाबा

दादा, सांगते, आणि तुम्ही त्याला खुशाल म्हणा की मला कळत नाही, तू समजाव. मुलं समजावताना जे शिकतात ते तासाला शिकत नाहीत.

आवाज म्हणजे हवेचं थरथरणं. साधारण २० अंश तापमानाला तो सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणून वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू यायला तीन सेकंद लागले तर ती साधारण एक किलोमीटरवर. माइकचा पडदा या थरथरीबरोबर आतबाहेर हलतो आणि त्याची वीज होते. आता संगणकाला ही सलग हलणारी वीज कळत नाही, त्याला फक्त आकडे कळतात. मग तो काय करतो, ठरावीक वेळाने बघतो की आत्ता या क्षणी पडदा कुठे आहे, आणि तो आकडा लिहून ठेवतो. असं सेकंदात ४४,१०० वेळा. प्रत्येक वेळी लिहायला त्याच्याकडे मोजपट्टीवर ६५,५३६ खुणा असतात, त्याला १६ बिट म्हणतात, कारण सोळा वेळा २ मांडून त्यांचा गुणाकार केला की एवढेच येतात. खुणा कमी केल्या, म्हणजे ८ बिट केलं, तर फक्त २५६ उरतात आणि आवाजाच्या मागे खरखर ऐकू यायला लागते, हे मी मुलांना ऐकवते तेव्हा त्यांचे डोळे चमकतात.

पण ४४,१००च का, हा प्रश्न मुलांनी विचारला नाही तर मी स्वतः काढते. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त वीस हजार कंपनं. आणि नियम असा आहे की जितकी कंपनं पकडायची त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा मोजायला लागतं, यामागे हॅरी नायक्विस्ट आणि क्लॉड शॅनन या दोघा अभियंत्यांचं काम आहे. म्हणजे चाळीस हजारांच्या वर काहीतरी हवं होतं. त्यात १९७०च्या दशकाच्या शेवटी डिजिटल आवाज साठवायला जी जागा हाताशी होती ती व्हिडिओ टेपची, आणि टीव्हीच्या चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन आकडे बसवले, २४५ ओळी, सेकंदाला ६० वेळा, की ३ गुणिले २४५ गुणिले ६०, बरोबर ४४,१००. तुम्ही आकडेमोडीतले, तुम्हीच करून बघा. पुढे १९८२ साली सीडी आली ती हाच आकडा घेऊन, आणि तो अजून चालू आहे. एका टीव्हीच्या चौकटीचं माप आजच्या मुलांच्या लॅपटॉपमध्ये बसलंय याचं मला दर वर्षी नव्याने नवल वाटतं.

आता फायलीचा हिशोब. डावी-उजवी अशा दोन बाजू, प्रत्येकी १६ बिट, सेकंदाला ४४,१०० वेळा, म्हणजे एका मिनिटाला साधारण १० एमबी. म्हणून सगळे आकडे जसेच्या तसे ठेवणारी वेव्ह फाइल जड असते आणि एमपी३ हलकी, कारण एमपी३ आपल्या कानाला जे फारसं जाणवणार नाही ते काढून टाकते. काम चालू असताना कायम वेव्ह ठेवायची, एमपी३ अगदी शेवटी, पाठवण्यापुरती. मुलगा उलटं करत असेल तर एवढं नक्की सांगा.

मुलं तासन् तास हेडफोन लावून मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे आवाज एकत्र जुळवणं, करतात. कानांना धोका नाही का? – एक पालक, आणि याच आशयाची आणखी चार पत्रं

आहे, आणि याबाबतीत मी शिबिरात कोणाचंच ऐकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मुलांसाठी ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे, मोठ्यांसाठी ८० डेसिबल. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मी होते, म्हणजे ७८ ला २० तास, ८१ ला दहा, आणि ९० ला गेलात तर आठवड्याचा सगळा कोटा सव्वा तासात संपतो. कानाच्या आतल्या बारीक केसपेशी एकदा गेल्या की माणसात त्या परत येत नाहीत.

मी मुलांना एक सूर ऐकवते, अगदी हळू आवाजात, साधारण १६-१७ हजार हर्ट्झचा. मुलांचे हात भराभर वर जातात, आणि मागे बसलेले आम्ही मोठे तसेच बसून राहतो, आम्हाला काहीच ऐकू येत नाही. वयाबरोबर वरचे सूर आधी जातात. तुमच्या कानात आत्ता जे आहे ते आमच्याकडे राहिलेलं नाही, हे मुलांना त्या क्षणी जेवढं पटतं तेवढं कुठल्याच भाषणाने पटत नाही. नियम साधा ठेवलाय, हेडफोन लावून शेजारच्याचं नेहमीच्या आवाजातलं बोलणं कळलं पाहिजे, आणि पाऊण तासाने कान दहा मिनिटं मोकळे. तसंही थकलेल्या कानाने केलेलं मिक्स दुसऱ्या दिवशी ऐकलं की कर्कश निघतं, कारण कान थकला की मूल वरचे सूर वाढवतच जातं.

हेडफोनवर म्युझिक लावून मी गाते तर माझं गाणं ठेक्याच्या मागे पडतं. मी तालात गाते, शप्पथ. सगळे म्हणतात प्रॅक्टिस कर. – इयत्ता दहावी

तू तालातच गातेस. तुझा हेडफोन ब्लूटूथचा आहे का ते बघ, मला जवळजवळ खात्री आहे. ब्लूटूथला आवाज पोचवायला बऱ्याचदा १०० ते २०० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त लागतात. २०० मिलिसेकंदात हवेतला आवाज जवळपास ७० मीटर जातो, म्हणजे तुझा तबलजी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बसलाय आणि तू इकडून त्याच्याबरोबर गातेस असं झालं, कोणाचंही गाणं मागे पडेल. वायरचा हेडफोन लाव. तरी थोडं मागे वाटलं तर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये बफर नावाचं असतं, म्हणजे लॅपटॉप आवाज एका वेळी किती साठवून मग पुढे पाठवतो ते, १०२४ वरून १२८ कर, उशीर २३ मिलिसेकंदांवरून ३ च्या आसपास येतो. रेकॉर्डिंग झालं आणि मिक्सिंगला बसलीस की परत वाढव, नाहीतर लॅपटॉप अडखळतो.

आणि हो, कोणी प्रॅक्टिस कर म्हटलं की आधी वायर तपासायची, मग स्वतःला दोष द्यायचा.

मी तीस वर्षं हार्मोनियम आणि गायन शिकवतो. शिबिरातून आलेली मुलं म्हणतात, सर, आता सॉफ्टवेअर सूर लावून देतं. की-बोर्डवर टिचक्या मारून संगीत होतं का? मींड, एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं, कशी येणार त्यात? मन खट्टू होतं. – एक संगीतशिक्षक

सर, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमच्यासारख्या शिक्षकाने शिबिरात यावं असं मला मनापासून वाटतं, आणि का ते सांगते.

त्या की-बोर्डमधून बाहेर जातं ते मिडी, आणि मिडीमध्ये आवाज नसतोच. १९८३ साली इलेक्ट्रॉनिक वाद्यं बनवणाऱ्या डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून ती बनली. त्यात फक्त सूचना जातात, अमुक पट्टी दाबली, एवढ्या जोरात दाबली, आता सोडली. आपल्या वहीतल्या स्वरलिपीसारखंच आहे ते, वहीला स्वतःचा गळा नसतो. त्यात ० ते १२७ असे १२८ सूर, आणि हो, मधल्या जागा त्यात नाहीत. पण पिच बेंड नावाची एक सूचना वेगळी आहे, की-बोर्डवरचं एक चाक फिरवून ती देतात, ती सुराला वरखाली १६,३८४ पायऱ्यांमध्ये सरकवते, म्हणजे मींड काढायची सोय आहे. अडचण अशी की ती सोय बहुतेक वाद्यांमध्ये सुरुवातीला दोनच अर्ध्या सुरांपुरती लावलेली असते, ती सेटिंगमध्ये जाऊन वाढवायला लागते, आणि चाक किती वेळात, कुठे रेंगाळत, कुठे पटकन फिरवायचं हे ज्याच्या कानात मींड आहे त्यालाच कळतं. मुलांकडे चाक आहे, मींड तुमच्याकडे आहे.

सूर लावून देणाऱ्या ऑटो-ट्यूनचंही तसंच. ते १९९७ साली अँडी हिल्डेब्रँड यांनी काढलं, हा माणूस आधी तेल शोधायला जमिनीत लहरी सोडून त्यांचे प्रतिध्वनी तपासणारा, तेच गणित त्याने गळ्याच्या सुराला लावलं. यंत्र गायलेला सूर मोजतं आणि दिलेल्या स्वरांपैकी जवळच्या स्वरावर नेऊन ठेवतं. पण कोणत्या स्वरावर न्यायचं ते त्याला आधी सांगायला लागतं. मुलाने जाणूनबुजून कोमल ऋषभ (खालचा रे) आंदोलित, म्हणजे हलकेच डोलता लावला, तर यंत्र तो चुकला समजून सरळ करून टाकतं. मी एका मुलाला त्याचंच गाणं यंत्रातून काढून ऐकवलं, तो ऐकत राहिला आणि म्हणाला, माझी हरकत खाल्ली याने. बरोबर हेच शब्द, हरकत म्हणजे सुरांची छोटी नक्षी. त्यानंतर त्याने ते बटण फक्त एका ओळीला ठेवलं, जिथे तो खरंच बेसूर होता.

आणखी एक तुम्हाला आवडेल असं. शाई नसलेल्या साध्या ताणलेल्या कातड्याचे वरचे सूर मूळ सुराच्या पूर्ण पटीत येत नाहीत, म्हणून त्याचा सूर नेमका धरता येत नाही. तबल्याला मात्र सूर असतो, कारण मधली शाई कातड्याला जड करते आणि ते वरचे सूर पटीत आणून बसवते. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली यावर लिहिलं होतं. शिबिरात आम्ही फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तबल्याचा एक ‘ना’ रेकॉर्ड करून त्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजात कोणकोणते सूर आहेत ते दाखवणारं चित्र, बघतो, एकावर एक जवळपास सारख्या अंतरावर रेघा दिसतात, आणि पत्र्याच्या डब्यावर टपली मारली की त्या रेघा विखुरतात. तबला कोणीतरी शतकानुशतकं कानाने लावत बसलं होतं तेव्हा त्याच्यासमोर असला पडदा नव्हता. हे मुलांना तुम्ही सांगा सर, माझ्यापेक्षा तुमच्या तोंडून ते जास्त पोचेल.

आमच्याकडे शिबिरात पहिल्यांदाच हा विषय घेतोय. मुलं २५, लॅपटॉप ५, माइक १, खोली एकच, आणि तीही रिकामी घुमणारी. दिवस सहा. कसं बसवू? – एक स्वयंसेवक

बसतं, अगदी व्यवस्थित. पाच-पाच जणांचे गट करा आणि प्रत्येक गटातली कामं रोज फिरवा, एक माइकपाशी, एक लॅपटॉपवर, एक नुसता ऐकणारा, एक वहीत नोंद करणारा, एक आवाज शोधून आणणारा. नुसता ऐकणारा हे काम मुलांना आधी कंटाळवाणं वाटतं, पण चुका तोच पकडतो, त्यामुळे त्याला मान द्या, रेकॉर्डिंग पास की नापास हे त्यालाच ठरवू द्या.

खोली घुमते कारण आवाज उघड्या भिंतींवर आपटून परत येतो. मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा, टाळीनंतर झर्रर्र अशी शेपटी ऐकू येईल. मग खुर्च्यांच्या पाठींवर जाड चादरी, रजया, गोधड्या टाकून एक कोपरा तयार करा, फक्त माइकच्या आणि बोलणाऱ्याच्या मागे, सगळी खोली झाकायची गरज नाही, आणि तिथे परत टाळी वाजवा. शेपटी कापली गेलेली मुलांना स्वतःला ऐकू आली पाहिजे, तोच धडा.

माइकपाशी आपल्याकडे मोठा शत्रू म्हणजे प, फ, ब, भ. कागदाची एक बारीक पट्टी ओठांसमोर धरून मुलांना ‘पोपट फडफडला’ म्हणायला लावा, पट्टी प्रत्येक प-फ ला उडते. मग ‘नाना नाचले’ म्हणायला लावा, पट्टी जवळजवळ हलत नाही. हाच हवेचा धक्का माइकच्या पडद्यावर बसतो आणि रेकॉर्डिंगमध्ये धप्प येतं. उपाय फुकटचा आहे, माइक तोंडाच्या अगदी समोर न धरता जरा बाजूला तिरका ठेवायचा, वीतभर अंतरावर, म्हणजे हवा शेजारून निघून जाते आणि आवाज तेवढा आत येतो. किंवा माइकसमोर मधोमध एक पेन्सिल उभी बांधायची, ती हवा फोडते.

आता माझ्याकडून झालेली चूक सांगते, ती तुमच्याकडून होऊ नये. एका शिबिराच्या शेवटच्या दिवशी सगळ्या मुलांचं मिळून गाणं रेकॉर्ड करायचं होतं. तालमीत मुलं हळू गायली, मी त्या आवाजावर गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, लावला. प्रत्यक्षात पालक समोर येऊन उभे राहिले, मुलांना चेव आला आणि ती दुप्पट जोरात गायली, मीटर लाल झालं, मी मुलांकडे बघत होते, मीटरकडे नाही. घरी ऐकलं तर सगळ्या चढत्या ओळी फाटलेल्या. लाटेचा माथा एकदा कापला गेला की तिथे काय होतं ते फायलीत नसतंच, ते नीट परत आणता येत नाही. मुलं पांगली होती, पुन्हा गाऊन घेणं शक्य नव्हतं, मला ती गोष्ट अजून लागते. तेव्हापासून मी सगळ्यात जोरात गाऊन घेते, त्या वेळी मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील (शून्याच्या वर आवाज फाटतो) असा गेन लावते, आणि २४ बिटवर रेकॉर्ड करते म्हणजे आवाज हळू आला तरी नंतर वाढवता येतो. शिवाय शेजारी एक मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवते, तो असाच, आधाराला.

सहा दिवसांचं म्हणाल तर पहिला दिवस ऐकणं, दुसरा आवाज गोळा करणं, तिसऱ्या-चौथ्याला छोट्या गोष्टीला आवाज देणं, उरलेल्या दोन दिवसांत गाणं. आवाज देण्याचा दिवस चुकवू नका. नारळाच्या दोन करवंट्या टेबलावर आपटल्या की घोडा येतो, कुरकुरीत प्लास्टिक हळूहळू चुरगाळलं की आग पेटते, सिनेमातही हे असंच करतात, त्याला फोली म्हणतात, सिनेमासाठी असे आवाज करणाऱ्या जॅक फोली यांच्या नावावरून. एकदा एका गटाला पाऊस हवा होता आणि काहीच जमेना, शेवटी पाचही जणांनी तळहातावर आधी एक बोट, मग दोन, मग चार अशा टाळ्या वाजवल्या आणि माइक मध्ये धरला. पावसाची सर येताना ऐकू आली, खरंच, मी खिडकीकडे बघितलं.

नेटवर मिळालेली बीट माझ्या गाण्यात घेतली तर चालते का? मित्र म्हणतो सात सेकंदांपर्यंत चालतं. – इयत्ता नववी

सात सेकंदांचा असा काही नियम कुठे नाही, मित्राला सांग. गाण्याच्या चालीवर एकाचा हक्क असतो आणि रेकॉर्डिंगवर दुसऱ्याचा असू शकतो, म्हणून दोन्ही बघायला लागतं. सॉफ्टवेअरबरोबर येणारे लूप आपल्या गाण्यात वापरायला बहुतेक वेळा मोकळे असतात, पण अटी वाच. फ्रीसाउंड नावाचा संग्रह बघ, बार्सेलोनातल्या एका विद्यापीठाने २००५ मध्ये सुरू केला, तिथे प्रत्येक आवाजापुढे परवाना लिहिलेला असतो, सीसी-झीरो असेल तर बिनधास्त घे, बीवाय असेल तर ज्याने रेकॉर्ड केलं त्याचं नाव द्यायचं, आणि त्याच्या जोडीला एनसीही असेल तर त्यातून पैसे कमवायचे नाहीत. नाव द्यायचं तर आनंदाने दे, कोणीतरी पहाटे उठून तो पक्षी रेकॉर्ड केलेला असतो.

कॅम्प संपला. घरी लॅपटॉप नाही, फक्त आईचा मोबाइल, तो पण संध्याकाळी तासभर. आता काय करू? – इयत्ता सातवी

तास भरपूर आहे. मोबाइलवर रेकॉर्डर असतोच, आणि बँडलॅबसारखी फुकट ॲप आहेत ज्यात अनेक ट्रॅक एकावर एक ठेवता येतात. पण दिवसभर मोबाइल नसतो तेव्हाच तुझं खरं काम. वहीत रोज एक आवाज लिही, कुठे ऐकला, कशासारखा होता, जाड की बारीक, किती वेळ रेंगाळला. संध्याकाळी मोबाइल हातात आला की त्यातला एकच रेकॉर्ड कर, दहा सेकंद, फोन आवाजाच्या जवळ धरून, आणि फोनवर बोट हलवू नकोस, नाहीतर बोटाची खसखस येते. फाइलला लगेच नाव दे, आवाजाचं आणि तारखेचं, ‘रेकॉर्डिंग ४७’ असं ठेवलंस तर महिन्याने तुलाच काही सापडणार नाही.

तीस आवाज झाले की आधी त्यातला ठेका शोध, जो पुन्हा पुन्हा वाजवावासा वाटतो तो. बाकीचे त्याच्यावर चढवत जा. आणि झालं की मला पाठव, मी ऐकणार आहे, हेडफोन लावून, वायरचा.